कुत्रीच्या पोटाचं ऑपरेशन झाल्यावर घरी काय सांभाळायचं

ऑपरेशनच्या रात्री सगळं घर जागं असतं. पाचव्या दिवशी कुत्री शेपटी हलवत दारापाशी येते, सगळे म्हणतात "झाली बरी", आणि टाके उसवतात ते नेमके तेव्हा. कातडीवरची चीर आठवड्यात मिटल्यासारखी दिसते. तिच्या खाली पोटाच्या भिंतीचाही थर शिवलेला असतो, तो भरून यायला कितीतरी जास्त दिवस लागतात. तो उसवला तर आतडं कातडीखाली येऊ शकतं. म्हणून पहिल्या रात्रीपेक्षा मी दुसऱ्या आठवड्याला जास्त घाबरते.

आमची ठमी गावठी, आठ वर्षांची. माजावर येऊन महिना उलटला आणि ती पाण्याच्या भांड्यापासून हलेना. जेवणाकडे पाठ, मागून घाण वासाचा स्राव. सोनोग्राफीत गर्भाशयात पू दिसला. याला पायोमेट्रा म्हणतात. नसबंदी न झालेल्या, वय होत आलेल्या कुत्रीला तो माजानंतर महिना-दोन महिन्यांत होऊ शकतो, आणि खात्रीचा उपाय म्हणजे गर्भाशय नि अंडाशय काढून टाकणं. नुसती नसबंदी केली असेल तरी पुढचं बहुतेक सगळं लागू आहे.

कुत्री दवाखान्यात असतानाच घर लावून घ्या. आमच्या मिरजेच्या घरात गुळगुळीत फरशी आहे. गुंगीतली कुत्री तिच्यावर उभी राहिली की मागचे पाय फाकतात आणि सगळा ताण पोटावर येतो. तिच्या जागेपासून अंगणाच्या दारापर्यंत जुनी सतरंजी आणि धुतलेली गोणपाटं अंथरली. दिवाणावर उडी मारायची तिची सवय, म्हणून गादीच खाली उतरवली. दोन आठवडे माणसांनी जमिनीवर बसायचं.

घरी आणताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांच्या मागून, आणि पाठ सरळ राहील असं उचला. पोटाखाली हात घालायचा नाही. पहिल्या रात्री ती थरथरते, कण्हते, ओळख नसल्यासारखी बघते. हे भुलीचं असतं. घशात नळी घातलेली असल्यामुळे एखादा दिवस खोकतेही. पंखा थेट अंगावर नको, खाली जाड पांघरूण हवं. पाणी थोडं थोडं द्या. पूर्ण शुद्धीवर आली की नेहमीच्या पाव ते अर्धं जेवण, आणि तेही डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर. एखादी उलटी झाली तर घाबरू नका. उलट्या थांबतच नसतील तर मात्र फोन करा.

हिरड्या बघायला शिका. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या पांढुरक्या वाटल्या, पोट फुगत चाललं किंवा हाक मारूनही कुत्री उठेना, तर आत रक्तस्राव असू शकतो. सकाळची वाट बघायची नाही. ताप गुदद्वारातून मोजतात, थर्मामीटरला व्हॅसलिन लावून. 101 ते 102.5 फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. माणसाचा आकडा डोक्यात ठेवाल तर निरोगी कुत्रीलाही ताप आहे असं वाटेल. 103 च्या वर गेलं तर कळवा.

जखम दिवसातून दोनदा, चांगल्या उजेडात बघायची. आम्ही रोज सकाळी त्याच जागी, त्याच कोनातून फोनवर फोटो काढायचो. कालचा नि आजचा शेजारी ठेवला की लाली वाढली का कमी झाली याचा वाद राहत नाही. कडेला थोडी लाली, किंचित सूज, एखादा निळसर डाग चालतो. पू, वास, टाक्यांमधली फट, थेंब थेंब गळत राहणारं रक्त चालत नाही. टाक्यांखाली मऊ, पाण्यासारखी गाठ आली तर ते बहुतेक वेळा साठलेलं द्रव असतं आणि आपोआप जिरतं. पण वर सांगितलेलं उसवणंही बाहेरून असंच दिसतं, तेव्हा दाबून बघू नका, डॉक्टरांना दाखवा.

सासूबाई तिसऱ्या दिवशी वाटीत हळद आणि खोबरेल तेल कालवून आल्या. हेतू प्रेमाचा, पण टाक्यांवर यातलं काही लावायचं नाही. डेटॉल नाही, राख नाही, हायड्रोजन पेरॉक्साइडही नाही. कुत्री चाटते ते पोटात जातं, आणि तेलकट, ओली जखम सुकत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल तेवढंच लावा. "आई, हळद तिच्या टाक्यांना नको, आपल्या दुधात घालू," असं मी म्हटलं. त्या रुसल्या, पण ठमीच्या उशाशी माशा वारायला त्याच बसल्या. आणि ते काम फार मोलाचं होतं. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की अंडी घालते, दिवसभरात आळ्या होतात. अंथरूण रोज बदला, दुपारी मच्छरदाणी लावा.

आता गळ्यातली प्लास्टिकची कॉलर. आमच्याकडे तिला भोंगाच म्हणतात. कुत्री केविलवाणी दिसते आणि घरातला एखादा मऊ मनाचा माणूस "पाच मिनिटं काढू या" म्हणतो. टाके ओढायला तिला पाच मिनिटं पुरतात. कॉलरची कड नाकाच्या टोकापुढे यायला हवी, आणि गळ्याशी दोन बोटं जातील इतकी ती सैल हवी. जेवायचं भांडं डब्यावर उंच ठेवा, म्हणजे कड जमिनीला अडत नाही. भोंगा अजिबात सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून पोट झाकणारा अंगरखा शिवून घ्या. ठमीला शेजारच्या शिंपीणबाईंनी जुन्या सुती टी-शर्टचा शिवून दिला, पाठीवर नाड्या आणि मागे शू करण्यापुरती जागा. ओला झाला की लगेच बदलायचा.

औषधांत एकच गोष्ट ठणकावून सांगते. घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल कुत्रीला द्यायची नाही. पोटात व्रण होतात, मूत्रपिंड किंवा यकृत जातं. दवाखान्यातून दिलेली दुखण्याची गोळीही भरल्या पोटी द्या. उलटी किंवा काळी, डांबरासारखी शी झाली तर ती थांबवून फोन करा. अँटिबायोटिकचा कोर्स मात्र मध्येच सोडायचा नाही. गोळी पनीरच्या तुकड्यात दडवा. पहिला तुकडा रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा लगेच नाकासमोर. तिसऱ्याच्या घाईत दुसरा गिळला जातो.

जेवण साधं ठेवा: मऊ भात, उकडलेलं चिकन, मीठ-मसाला नाही. कांदा-लसूण घातलेला रस्सा तर कधीच नाही. दोन-तीन दिवस शी झाली नाही तर चालतं, आधी उपाशी होती. दिवसभरात शू मात्र व्हायला हवी. पायोमेट्रात वाढलेली तहान हळूहळू उतरते. आठवड्याभरानेही भांड्यामागून भांडी पीत असेल तर मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्या.

अंगणात शू-शीपुरतंच, तेही पट्टा लावून. जिना, उड्या, चेंडू, गल्लीतल्या दोस्तांशी मस्ती सगळं बंद. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. त्याआधी आंघोळ नाही. कंटाळलेली कुत्रीच उड्या मारते, म्हणून तिच्या नाकाला काम द्या. भाताची मूठ जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवली की अर्धा तास हुंगत बसते.

एक गोष्ट आम्हाला कुणी आधी सांगितली नव्हती. माजानंतर लगेच अंडाशयं काढली की हार्मोन एकदम उतरतात आणि काही कुत्र्यांमध्ये खोट्या गर्भारपणाची लक्षणं दिसतात. स्तन भरतात, कोपऱ्यात माती उकरल्यासारखं करतात, चप्पल पिल्लासारखी जवळ घेऊन बसतात. स्तन पिळायचे नाहीत, शेकायचे नाहीत. दोन-तीन आठवड्यांत बहुधा आपोआप उतरतं. लाल, गरम, दुखरे झाले तर दाखवा.

टाके निघाले की फिरणं दहा मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवा. आंघोळ आणखी दोन-तीन दिवसांनी. पोटावरचे भादरलेले केस यायला काही महिने लागतात, वेगळ्या रंगाचे आले तरी काळजी नको. अंडाशयं काढल्यावर भूक वाढते आणि अंगाला लागतं, तेव्हा ती पूर्ण बरी झाली की भात थोडा कमी करा आणि महिन्यातून एकदा वजन करा. तिला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं.