रस्त्यासाठी निधी मागताय? या चुका टाळा

पुण्याच्या बाह्यवळण महामार्गाच्या कडेला राहणारे आम्ही शेजारी एका चेंबरच्या झाकणासाठी अकरा महिने फिरलो. सेवा रस्ता आमच्या गल्लीला मिळतो तिथे डांबराचे थर चढत गेले आणि झाकण वीतभर खाली राहिले. रात्री दुचाकीवाले पडायचे. एका कार्यालयात सांगितले, "ड्रेनेज आमचं, पण रस्ता आमचा नाही." दुसऱ्या कार्यालयात नेमके उलटे. शेवटी महामार्गाच्या हद्दीचा दगड गवतातून शोधला आणि टेप धरला. झाकण दगडापासून शहराच्या बाजूला सव्वा फूट निघाले. तो फोटो अर्जाला जोडला आणि तीन आठवड्यांत झाकण वर आले.

पहिली चूक हीच, की हद्द न बघता पत्र देणे. कात्रज-देहूरोड बाह्यवळण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे, आतले रस्ते महापालिकेचे. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पालिकेत आली. अशा गावांत रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) की पालिकेचा, हे आधी विचारावे. हस्तांतर झाले असेल तर त्याचे पत्र मागून घ्यावे.

दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक बैठकीत ऐकू येते : "खेड शिवापूरला एवढा टोल गोळा होतो, त्यातून आमची गल्ली करा." राग रास्त आहे, मागणी मात्र टिकत नाही. खेड शिवापूरचा टोल पुणे-सातारा महामार्गासाठी आकारलेला असतो. त्याची वसुली नियमांशी आणि ठेकेदाराच्या कराराशी बांधलेली असते, शहराच्या तिजोरीत येत नाही. विचारायचे ते असे : करारातल्या कामांत सेवा रस्ता, पावसाळी गटार, भुयारी मार्ग आहे का? असेल तर अपूर्ण काम दाखवून द्या. नसेल तर ते वाढीव काम ठरते आणि त्याचा खर्च कोण उचलणार यावर पालिका, राज्य आणि प्राधिकरण यांना बसावे लागते. ही बोलणी तुमच्या माघारी होऊ देऊ नका.

पैशाआधी जागा, हे मात्र सगळेच विसरतात आणि सगळ्यात जास्त वर्षे इथेच जातात. चांदणी चौकातल्या उड्डाणपुलाचे भूमिपूजन 2017 मध्ये झाले, जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये पाडला, नवा प्रकल्प ऑगस्ट 2023 मध्ये खुला झाला. बांधायला पैसे होते, पण भूसंपादन रखडले होते आणि ते शहराच्या वाट्याचे काम होते. कात्रज-कोंढवा रस्ता 84 मीटरचा आखला होता. जागामालकांना टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात मिळणारा वाढीव बांधकामाचा हक्क नको, रोख मोबदला हवा. तेवढा पैसा उभा राहीना, तेव्हा रुंदी 50 मीटरवर आणली. म्हणून 'निधी मंजूर' अशी बातमी आली की मी पहिल्यांदा विचारतो, किती जागा ताब्यात आहे?

गल्लीच्या कामांसाठी वेळ चुकवू नका. नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत पुण्यात 2006-07 पासून आहे. अर्ज पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात मिळतो आणि तो पावसाळ्याच्या सुमारास भरायचा असतो. फेब्रुवारीत जाग आली तर तरतूद नसते. मग वर्गीकरण करा म्हणून मागे लागावे लागते, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी कामाचा निधी आपल्याकडे वळवायचा. आपल्या पदपथासाठी पलीकडच्या वस्तीचे गटार थांबणे मला पटत नाही.

अर्जात 'रस्ता चांगला करा' एवढेच लिहू नका. कुठून कुठपर्यंत, किती मीटर, पाणी कुठे साचते, खालची जलवाहिनी आणि मलवाहिनी बदलायची आहे का, ते लिहा. काँक्रीट झाल्यावर महिन्याभरात पाइपसाठी खोदाई झालेली गल्ली तुमच्याही ओळखीची असेल. आधी पाणीपुरवठा आणि मलनिःसारण विभागाकडून लेखी घ्या, मग पथ विभागाकडे जा.

बैठकीत साहेब 'करून देतो' म्हणाले की आपण खूश होऊन घरी येतो. तिथेच थांबून इतिवृत्त मागा. त्यात बांधणार कोण, दिव्यांचे बिल कोण भरणार, गटार कोण साफ करणार, ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष त्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत कधी संपते, हे यायला हवे. महामार्गाखालचा भुयारी मार्ग बांधून होतो आणि दिवे मात्र कुणाचेच नसतात. आमच्या इथल्या बाया रात्री मोबाइलच्या उजेडात त्यातून येतात. तिथले दिवे कुणी लावायचे ते इतिवृत्तात नव्हते, म्हणून आम्ही आता नव्याने बैठक मागितली आहे.