गॅस कॅनिस्टर टाकून देण्याआधीची तयारी

आधी चौकशी करा: कचरा गोळा करणाऱ्यांना कॅम्पिंग स्टोव्हचा हा गॅसचा छोटा डबा भोक पाडलेला हवा की अखंड? नियम जागोजागी वेगळे असतात. अखंड हवा असेल तर रिकामा करून, टोपी लावून घातक कचऱ्यात द्यायचा. मग भोक पाडायच्या भानगडीत पडूच नका.

भोक पाडायचं असेल तर वजनकाटा जवळ घ्या. ज्योत विझली म्हणजे डबा संपला, असं धरून चालणारे बरेच असतात आणि घोळ तिथेच होतो. डब्यात बहुधा प्रोपेन आणि ब्युटेन अशा वायूंचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं, साधं ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. थंडीत प्रोपेन आधी निघून जातं, ब्युटेन तळाशी पातळ राहतं. डबा कानाशी धरून हलवला की डुचमळतं. २३० ग्रॅम गॅसच्या डब्याचं रिकामं वजन साधारण दीडशे ग्रॅम, पण ते कंपनीगणिक बदलतं. म्हणून डबा नवा असतानाच तोलायचा, छापलेलं गॅसचं वजन वजा करायचं आणि उरलेला आकडा मार्करने तळावर लिहायचा.

टाकताना त्या आकड्यापेक्षा वजन जास्त भरलं तर उघड्यावर बर्नर लावा, डबा परातीतल्या कोमट पाण्यात उभा करा आणि ज्योत आपसूक विझेपर्यंत जाळा. पाणी हाताला सोसेल इतपतच. उकळतं अजिबात नको. विझल्यावर नॉब बंद करा, बर्नर निवू द्या, मग सोडवून पुन्हा तोला.

भोकासाठी कॅनिस्टरचा खास पंच, हातमोजे आणि चष्मा लागतो. ड्रिल नको, त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात. जागा वाऱ्याची हवी, आसपास विडी-सिगारेटही नको. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तळघरात किंवा गटाराच्या तोंडाशी तो साचून राहतो. तोंड बाजूला ठेवून डब्याच्या खांद्यावर हळू दाब द्या. जोरात फुस्स झालं तर हात काढून लांब व्हा. पातळ गॅस उडाला तर कातडी गोठते. आवाज थांबल्यावर डबा तासभर तसाच ठेवा, मग भोक लांबून दिसेल एवढं मोठं करा. वर ‘रिकामा’ लिहा, प्लॅस्टिकची टोपी वेगळी काढा आणि डबा लोखंडी भंगारात द्या. घरच्या कचऱ्यात नको: कचरागाडीत दाबला जाताना गॅस उरलेला डबा पेट घेऊ शकतो.

अर्धा भरलेला डबा मात्र टाकूच नका. स्टोव्ह तपासायला तोच वापरा.