पायझो सिम्युलेशन शिकताय? आधी १ मिलिमीटरचा घन सोडवा

एम. टेक.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या प्रोजेक्टला शिअरवर (एका बाजूला तिरकं कलण्यावर) चालणारा छोटा पायझो ॲक्च्युएटर होता, म्हणजे व्होल्टेज दिलं की आकार बदलून हालचाल देणारा तुकडा. मटेरियल पीझेडटी-५एच, सॉफ्टवेअर अ‍ॅन्सिस. मॉडेल पहिल्याच फटक्यात सुटलं. एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि टोटल डिफॉर्मेशनचा आकडा हाताने काढलेल्या उत्तराशी तंतोतंत जुळला. मी निर्धास्त झाले. पुढे त्या पायझोवर धातूची पट्टी चिकटवून पूर्ण जोडणी सोडवली, तर पट्टी जिकडे सरकायला हवी तिकडे जवळजवळ हललीच नाही. मेश (मॉडेलचे छोटे तुकडे) बारीक केला, गोंदाचा थर बदलून पाहिला, सपोर्ट बदलले. तीन आठवडे गेले.

शेवटी सगळं बाजूला ठेवून १ मिलिमीटरचा एकच घन घेतला. पोलिंग (मटेरियलला कायमची दिलेली विद्युत दिशा) झेड दिशेत, इलेक्ट्रोड एक्सच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर, १०० व्होल्ट, तळ पक्का धरलेला. पीझेडटी-५एचचा डी१५, म्हणजे व्होल्टेजने किती शिअर होतो ते सांगणारा गुणांक, आहे ७४१ पिकोकूलंब प्रति न्यूटन, म्हणजे वरची बाजू ७४.१ नॅनोमीटर सरकायला हवी. तेवढीच सरकली होती. फक्त या वेळी मी एक्स, वाय, झेड वेगवेगळे उघडून पाहिले. एक्समध्ये शून्य. सगळे ७४.१ वायमध्ये. घन भलत्याच बाजूला कलत होता, पण एकूण अंतर तेवढंच येत असल्याने माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

चूक होती पायझो गुणांकांच्या मॅट्रिक्सच्या ओळींच्या क्रमात. पायझोची माहिती बहुतेक ठिकाणी १९८७च्या आय-ट्रिपल-ई मानकाच्या क्रमाने छापलेली असते: एक्सएक्स, वायवाय, झेडझेड, मग वायझेड, एक्सझेड, एक्सवाय. कॉमसॉल हे सॉफ्टवेअर हाच क्रम घेतं. अ‍ॅन्सिसमध्ये शेवटचे तीन एक्सवाय, वायझेड, एक्सझेड असे येतात, अबॅकसमध्ये एक्सवाय, एक्सझेड, वायझेड. मी पुस्तकातला तक्ता जसाच्या तसा भरला होता, त्यामुळे एक्सझेडचा शिअर गुणांक ई१५ वायझेडच्या ओळीत जाऊन बसला. यातली खरी अडचण अशी की जाडीच्या दिशेने व्होल्टेज दिलेल्या साध्या चकतीत शिअरच्या या ओळी कामालाच लागत नाहीत, त्यामुळे तिचं उत्तर बरोबर येतं. तुम्ही दोन वर्षं चकत्या सोडवत राहाल आणि चूक फाइलमध्ये तशीच पडून राहील.

म्हणून नवीन मटेरियल भरलं की मी आधी हाच घन सोडवते. शिअर तर पाहतेच, पण झेडच्या बाजूंवर १०० व्होल्ट देऊन उंची किती बदलली तेही पाहते. डी३३ (उंचीच्या दिशेचा गुणांक) ५९३ पिकोकूलंब प्रति न्यूटन, म्हणून ५९.३ नॅनोमीटर. घन १ मिलिमीटरचा असो वा ५ मिलिमीटरचा, हा आकडा बदलत नाही, कारण जाडी वाढली की विद्युत क्षेत्र (व्होल्टेज भागिले जाडी) त्याच प्रमाणात कमी होतं. इथे तळ पूर्ण धरू नका. तळ फक्त झेडमध्ये अडवा आणि घन घसरू वा फिरू नये इतकंच बाकी धरा. उंची वाढताना बाजू आत येतात, त्यांना वाट हवी. तळ जखडलात तर आकडा चुकेल आणि तुम्ही मटेरियलला दोष देत बसाल.

त्याच घनाची कपॅसिटन्सही काढा. विद्युत पारगम्यतेचे (परमिटिव्हिटीचे) दोन आकडे असतात हे नवीन माणसाला कुणी नीट सांगत नाही. नमुना मोकळा असताना पीझेडटी-५एचची झेड दिशेतली सापेक्ष पारगम्यता सुमारे ३४००, आणि तो दाबून धरला, हलूच दिला नाही, तर सुमारे १४७०. उत्पादकाच्या तक्त्यात बहुधा मोकळ्या नमुन्याचा आकडा असतो. पण तुम्ही मॅट्रिक्स सी (ताठपणा) आणि ई (पायझो जोडणी) या रूपात भरत असाल तर सॉफ्टवेअरला धरलेल्या नमुन्याचा आकडा हवा असतो. उरलेला भाग ते पायझो जोडणीतून स्वतः मिळवतं. तिथे ३४०० भरलं तर तो भाग दोनदा मोजला जातो. मोकळ्या घनाची कपॅसिटन्स ३० पिकोफॅरडच्या आसपास यायला हवी, ती ४७ येते. ४७ दिसले की कुठे पाहायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.

पोलिंगची दिशा सॉफ्टवेअर गृहीत धरतं, साधारणपणे मटेरियलच्या झेड अक्षावर. बायमॉर्फमध्ये, म्हणजे दोन पायझो थर चिकटवलेल्या पट्टीत, ते थर एकमेकांच्या उलट पोल केलेले असतील तर एका थराला वेगळी स्थानिक अक्षप्रणाली द्यावी लागते. इलेक्ट्रोडही आपोआप होत नाही. सेन्सरचं मॉडेल करताना त्या बाजूच्या सगळ्या नोडचं (मेशच्या बिंदूंचं) व्होल्टेज एकमेकांशी बांधलं नाही तर प्रत्येक नोडवर वेगळं व्होल्टेज निघतं. तिथे चांदीचा थर नसून नुसतं सिरॅमिक उघडं आहे, असा त्याचा अर्थ.

मोडल ॲनालिसिस (नैसर्गिक कंपनांची वारंवारता काढणं) दोनदा करा. एकदा दोन्ही इलेक्ट्रोड शून्य व्होल्टवर ठेवून, एकदा एका इलेक्ट्रोडचे नोड एकमेकांशी बांधून पण त्याचं व्होल्टेज मोकळं सोडून. पहिल्यात रेझोनन्स मिळतो, दुसऱ्यात अँटिरेझोनन्स. इम्पिडन्स ॲनालायझरवर खरी चकती लावली की हेच दोन बिंदू खड्डा आणि शिखर म्हणून दिसतात. कॉलेजात ॲनालायझर असेल तर प्रयोगशाळेतल्या सरांना विनंती करून एक दिवस मिळवाच. मला तो मिळाला तेव्हा रेझोनन्स जवळ आला, पण शिखराची उंची कुठल्या कुठे. मॉडेलमध्ये डॅम्पिंगच (कंपनं शमवणारा ऱ्हास) दिलेलं नव्हतं. पीझेडटी-५एच मऊ जातीचं, त्याचा यांत्रिक क्यू (जितका जास्त तितकं डॅम्पिंग कमी) ६५च्या आसपास. पीझेडटी-४ कडक जातीचं, त्याचा क्यू ५००च्या घरात. डॅम्पिंग न देता काढलेल्या उंचीवरून कुठलाही निष्कर्ष काढू नका.

या कामाला मागणी आहे का, असं ज्युनियर विचारतात. सोनोग्राफीचे प्रोब, फ्लो मीटर, गाडीचे पार्किंग सेन्सर, आणि कोचीला डीआरडीओच्या एनपीओएल या नौदलासाठीच्या प्रयोगशाळेत चालणारं सोनारचं काम, सगळीकडे पायझो आहे. मुलाखतीत मेश किती बारीक होता हे मला क्वचितच विचारलं गेलं. आकडा बरोबर आहे हे कशावरून, हे मात्र प्रत्येक वेळी विचारलं. मी घनाच्या त्या तीन आकड्यांपासून सुरुवात करायचे, आणि मग समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून पुढचा प्रश्न विचारायचा.