जहाज कोरलेले खिशातील घड्याळ घेण्यापूर्वी

अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये बनलेल्या काही खिशातील घड्याळांच्या तबकड्यांवर शिडाची जहाजे आणि नांगर आढळतात. क्वचित गिऱ्हाइकाच्या मागणीवरून कप्तानाचे किंवा जहाजाचे नावही कोरलेले असते. अशा घड्याळाची किंमत बव्हंशी या चित्रामुळेच चढते, म्हणून चित्र घड्याळाइतकेच जुने आहे की नंतर कोणी कोरले, याची खात्री संग्राहकाने आधी करून घ्यावी.

पांढऱ्या मिन्याच्या तबकडीवर जहाज रंगवून भाजलेले असते. कोरीव जहाज धातूच्या, विशेषतः चांदीच्या तबकडीवर शोधावे. दहापट भिंगाखाली पाहिल्यास हाताने चालवलेल्या कोरणीची रेघ टोकाला बारीक होत जाते आणि तिचा तळ निमुळता व चकचकीत दिसतो. आम्लाने खाल्लेल्या रेघेचा तळ सपाट आणि खरबरीत असतो. माझ्या मते झिजेइतका बोलका पुरावा दुसरा नाही: तासांच्या अंकांच्या कडा बोथट झाल्या असतील आणि त्याच तबकडीवरील डोलकाठीचे दोरखंड मात्र कालच कोरल्यासारखे धारदार असतील, तर ते घड्याळ जहाजाच्या किमतीला घेऊ नये.

त्यानंतर केस, म्हणजे घड्याळाचे धातूचे आवरण, उघडून पाहावी. जुन्या व्हर्ज घड्याळांना (व्हर्ज ही यंत्राची गती राखणारी जुन्या पद्धतीची रचना) बहुधा एकात एक बसणाऱ्या दोन केस असतात, आणि त्या मूळच्याच जोडीच्या असतील तर दोन्हींवर कारागिराचा ठसा व चांदी तपासल्याचे वर्ष दाखवणारे अक्षर सहसा एकच असते. आतील नांगराचा ठसा दाखवून घड्याळ खलाशाचे असल्याचे कोणी सांगितले, तर त्यावर विसंबू नये. तो १७७३ सालापासून बर्मिंगहॅममध्ये चांदीची शुद्धता तपासल्याचा शिक्का म्हणून वापरला जातो आणि शेतकऱ्याच्या घड्याळातही तितकाच सापडतो. दोन केसांच्या मध्ये दुरुस्ती करणाऱ्याने ठेवलेला गोल कागद मिळाल्यास तो जपून ठेवावा, कारण त्यावरचे गाव आणि तारीख घड्याळाचा प्रवास सांगतात.

तबकडीवर जहाजाचे नाव असल्यास लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या छापील नोंदवहीचे जुने खंड चाळावेत. १७६४ सालापासूनचे हे खंड इंटरनेटवर पाहता येतात आणि त्यांत जहाजाबरोबर कप्तानाचे नाव व बांधणीचे ठिकाणही दिलेले असते. एकाच नावाची अनेक जहाजे असत, त्यामुळे कप्तानाचे नाव आणि केसवरील वर्ष हे दोन्ही जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

घड्याळ हाती आल्यावर उत्साहाने चावी देऊ नये. या यंत्रातील फ्यूझी नावाच्या शंकूवर सायकलच्या साखळीसारखी, पण अतिशय बारीक कड्यांची पोलादी साखळी गुंडाळलेली असते. ती गंजलेली असल्यास ताण येताच तुटते आणि इतर भागांनाही इजा करते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हा गंज फार लवकर धरतो, म्हणून घड्याळ सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे. त्या डब्यात रबर ठेवू नये, कारण त्यातील गंधकामुळे चांदी काळवंडते. काळवंडलेली तबकडी चिंच किंवा टूथपेस्टने घासल्यास अंकांच्या खाचांतील काळे मेण निघून जाते आणि रेघांच्या कडाही झिजतात. हे काम जुन्या घड्याळांची सवय असलेल्या कारागिराकडेच सोपवावे.