बिनसाखरेचा चॉकलेट टोस्ट: कोको तुपात घोटा, दुधात नाही

साखर टाळायची म्हणून गूळ किंवा मध घाला, असा सल्ला जो तो देतो. कृपा करून ऐकू नका, तीही साखरच. दुसरी फसगत दुकानात होते. ड्रिंकिंग चॉकलेट म्हणजे कोको पावडर नव्हे, त्यात साखर भरपूर असते. डबा उलटा करून घटक वाचा. नुसती कोको पावडर असेल तरच घ्या.

गोडी खजुराची. चार स्लाइससाठी ८ मऊ खजूर, अर्धी वाटी दूध, पोह्याच्या चमच्यानं २ सपाट चमचे कोको, १ चमचा तूप, चिमूटभर मीठ. बिया काढून खजूर गरम दुधात २० मिनिटं भिजवा आणि चटणीच्या भांड्यात गुळगुळीत वाटा. इथवर काही अवघड नाही.

खरी कसोटी कोकोची. मलाही याच पायरीनं सगळ्यात जास्त दमवलं. बहुतेक ठिकाणी 'दुधात कोको घालून ढवळा' एवढंच लिहिलेलं असतं आणि तिथेच गोळ्या होतात: बाहेरून ओल्या, आतून कोरड्या. कोकोच्या अंगात स्निग्धांश असतो, त्यामुळे तो गार दुधात भिजतच नाही, वर तरंगतो. मिक्सरमध्ये फिरवून गोळ्या मोडतीलही, पण कच्चट तुरट चव जात नाही.

म्हणून कोको आधी तुपात. छोट्या कढईत तूप वितळवा आणि गॅस बंद करा. हे बंद करणं टाळू नका. कोको पाहता पाहता करपतो आणि करपल्याचा कडूपणा मग कशानंही जात नाही. गरम तुपात कोको घालून चमच्याच्या पाठीनं घोटा. काळसर, चकचकीत, एकही गाठ नसलेला लगदा झाला, चॉकलेटचा वास दरवळला, की मगच पुढे जा. आता वाटलेला खजूर चमचा चमचा घाला, पिठल्याचं बेसन कालवताना पाणी घालतो तसा. सगळा एकदम ओतलात तर पुन्हा गाठी.

मीठ घाला. चिमूटभरच, पण हवंच. त्यानं कोकोचा कडवटपणा दबतो. मग मंद आचेवर दोनेक मिनिटं हलवत राहा. चमच्यानं तळाशी ओढलेली रेघ क्षणभर टिकली की उतरवा. गार झाल्यावर आणखी घट्ट होतं. कडेनं तूप सुटलं तर घाबरू नका, चमचाभर गरम दूध घालून जोरात फेटा, मिळून येतं.

ब्रेड गव्हाचाच घ्या. नुसता तपकिरी रंग पाहून भुलू नका, तो कॅरॅमलचाही असतो. घटकांत गव्हाचं पीठ पहिलं हवं, आणि साखर किती तेही तिथेच पाहा. तव्यावर दोन्ही बाजू कुरकुरीत भाजा, गरम असतानाच लेप लावा. लेप लावून पुन्हा तव्यावर पालथा घालू नका, खजूर करपतो. वरून भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट फार छान लागतो.

मधुमेह असेल तर मात्र खजूर बेतानंच. त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असते, नैसर्गिक असली तरी. अशांसाठी मी खजूर वगळून, तुपात घोटलेला कोको बिनसाखरेच्या पीनट बटरमध्ये मिसळते आणि दालचिनीची पूड घालते. गोड लागत नाही, पण खमंग लागतं.

उरलेला खजुराचा लेप फ्रिजमध्ये ठेवा. त्यात दूध आहे, तीन दिवसांत संपवा.