छातीत जळजळ म्हणजे पित्तच नव्हे : मागाच्या शेडमधल्या या चुका टाळा

इचलकरंजीतल्या आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये रात्रपाळीला पहाटे चारच्या सुमारास जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, छातीत दाटून आलं. पित्त उठलं असेल म्हणून आम्ही त्याला सोडा पाजला, तासभर आडवं केलं आणि उजाडल्यावर मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. ते पित्त नव्हतं, हृदयविकाराचा झटका होता. जॉबर वाचला. पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला आणि पुन्हा त्याला सुताचा जड बीम (मागावर चढवायचा रूळ) उचलता आला नाही.

त्या रात्री आम्ही एक नाही, ओळीनं चुका केल्या. छातीत दाब, दरदरून घाम, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरणं, दम लागणं, यांतलं काहीही दिसलं तर पित्त ठरवत बसू नका. माणसाला आहे तिथं बसवा, चालवू नका आणि १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत असते. मोटारसायकलवर त्याची शुद्ध गेली तर कुणाला काहीच करता येत नाही. कुणाच्या तरी खिशातली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैलावणारी हृदयाची गोळी) जिभेखाली ठेवण्याची घाईही नको; रक्तदाब आधीच खाली आलेला असेल तर ती घात करते. अ‍ॅस्पिरिन द्यायची का, ते १०८ च्या डॉक्टरांना विचारा. दवाखान्यात ईसीजी काढायला सांगा. पहिला नॉर्मल आला आणि दुखणं तसंच राहिलं, तर थोड्या वेळानं पुन्हा काढावा लागतो. हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवण्याचं औषध जितकं लवकर मिळेल तितकं हृदय वाचतं, म्हणून आमचा तो एक तास मला अजून बोचतो.

‘बारा तास मागाभोवती फिरतो, मला काय होतंय?’ हे शेडमध्ये नेहमी ऐकू येतं. पण पाळीभर उभं राहणं, खडखडाट आणि मोडलेली झोप यांनी रक्तदाब वाढतो. त्याला व्यायाम म्हणता येत नाही. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत हृदयविकारानं मरण्याचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे १७ टक्के जास्त असतो, असा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०२१ चा अंदाज आहे. आपल्याकडे तर बारा तासांच्या पाच पाळ्यांतच साठ तास भरतात.

आणि मावा. झोप उडवायला खाल्लेल्या प्रत्येक माव्यातली तंबाखू नाडी आणि रक्तदाब वाढवते. ओढत नाही, नुसती चघळतो, म्हणून हृदय सुटत नाही. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते.

बीपीची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करणारे तर घरोघरी आहेत. बीपी मुळात जाणवत नाही, त्यामुळे बरं वाटण्यावरून काहीच ठरत नाही. तपासायला सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांना पैसे लागत नाहीत. खरी अडचण खाड्याची आहे. मीटरवर मजुरी मिळणारा माणूस तपासणीसाठी पाळी बुडवणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

ही अडचण मालकानंच सोडवायची. दोन हजारांच्या आसपास बीपीचं मशीन येतं. पगाराच्या दिवशी ऑफिसात, मागांच्या आवाजापासून लांब, माणसाला पाच मिनिटं शांत बसवून मोजा. आधी अर्धा तास चहा आणि मावा नको. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर आलं तर डॉक्टरांकडे पाठवा आणि त्या दिवसाचा खाडा धरू नका. दहा किंवा जास्त कामगार असतील तर ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) नोंदणी टाळू नका. त्याहून लहान शेड असेल तर कामगाराचं रेशनकार्ड आणि आधार पाहून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नाव बसतं का, ते आत्ताच विचारून ठेवा. आमच्या जॉबरच्या वेळी ही कागदपत्रं शोधण्यातच दुपार झाली होती.