गिरगावातलं कौलारू छप्पर शाकारताना

खोताच्या वाडीतलं आमचं घर दर दोन वर्षांनी मी स्वतः उभी राहून शाकारून घेते. मुहूर्त एप्रिलचा, मृग तोंडावर आल्यावर माणूस मिळत नाही. घर हेरिटेज यादीत असेल तर मोठ्या कामाआधी महापालिकेची परवानगी काढा.

कौलं उतरवताना प्रत्येकावर बोटाच्या पेराने टकटक करा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर तडा आहे. जुनं मंगलोरी कौल फेकू नका. नव्याची खाच त्यात नीट बसतेच असं नाही, म्हणून नवी कौलं छपराच्या एका पाख्यावर (उतारावर) आणि जुनी दुसऱ्यावर लावा.

खरं काम कौलांखाली असतं. वाशांची टोकं भिंतीत शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. भुसभुशीत लागलं तर वाळवी किंवा ओल. सगळा वासा बदलायची गरज नसते, कुजलेलं टोक कापून सागाचा जोड द्या. रिपांचं, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं, अंतर त्या पाख्यावर बसणाऱ्या कौलावरूनच मोजा. मग कौलं लावत वळचणीपासून आढ्याकडे, म्हणजे छपराच्या माथ्याकडे, चढत जा.

आढ्यावर चुना वापरा. आमच्या गवंड्याने एकदा हट्टाने सिमेंट थापलं. लाकूड हललं, भेग पडली आणि जुलैत देवघरात बादली ठेवावी लागली.